डेबोराचा बसलेला आवाज

१

बुधवारच्या प्रार्थनेला माणसं अजून जमायची होती. ल्युशियस बोल्डेनने मांडीवरच्या स्टील गिटारवर लोखंडी कांडी फिरवली, आणि रिकाम्या चर्चमध्ये डेबोरा घोगरली.

चर्चमधल्या वडीलधाऱ्या बाईला मदर म्हणायची तिथली रीत; त्या मदर ओडेसा रेनफ्रो तेव्हा व्यासपीठाशी उभ्या होत्या. पाळक एल्डर हार्डिमन प्रवचन करता करता घामाने न्हाऊन निघत. त्यांचे टॉवेल धुऊन, इस्त्री करून बुधवारी त्यांच्या खुर्चीवर रचून ठेवायचे, ही मदर ओडेसांची गेल्या कित्येक वर्षांची सेवा. आजच्या गठ्ठ्यातला एक टॉवेल त्यांनी मुद्दाम घरीच ठेवला होता. त्यावर लाल डाग होता आणि दोनदा धुऊनही तो गेला नव्हता. एल्डर विधुर. डाग लाल. लिपस्टिक, दुसरं काय असणार? मदर ओडेसांच्या मनाने निकाल सोमवारीच देऊन टाकला होता, फक्त बाईचं नाव तेवढं कळायचं होतं.

पण आत्ता त्यांचा हात टॉवेलांवरच थांबला.

डेबोरा हा गिटारचा ॲम्प्लिफायर. ल्युशियसचे वडील थॅडियस यांनी त्याला आपल्या आईचं नाव दिलं होतं. तसाच भरदार, मायेचा आवाज म्हणून. थॅडियस गेले आणि गिटार, डेबोरा आणि व्यासपीठाच्या डाव्या हाताची खुर्ची, तिन्ही ल्युशियसकडे आली. अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या त्या चर्चमध्ये एल्डर आधी साधं बोलत, मग बोलणं ठेका धरी, मग त्याचं गाणं होई, आणि ओळ संपली की डेबोरा तीच ओळ उचलून परत देई. त्या सवाल-जवाबासाठी मदर ओडेसा ताप अंगावर घेऊनही आलेल्या होत्या. एवढ्या हळू वाजवताना डेबोराचा आवाज कधी फाटलेला त्यांनी ऐकला नव्हता.

ल्युशियस उठून मागे वाकला. डेबोराची पाठ उघडीच असे. आत दोन जाडजूड काचेचे व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे मंद तेवत असत. आज तिथे दोन किरकोळ अंगाचे व्हॉल्व्ह होते.

"मदर," तो म्हणाला, "हे आपले नाहीत."

"आपले नाहीत, तर मग आपले गेले कुठे?" मागून डीकन स्ट्राउड यांचा आवाज आला. चर्चचा कारभार आणि माइकची यंत्रणा दोन्ही त्यांच्या हातात. "शिकागोचे हौशी लोक असल्या जुन्या व्हॉल्व्हसाठी जीव टाकतात म्हणे. बापाचं घड्याळ गहाण टाकायचं दुकान ज्याला सापडलं, त्याला हेही गिऱ्हाईक सापडलंच असेल."

काचेचा कारखाना बंद झाल्यापासून ल्युशियस बिनकामाचा होता आणि घड्याळाची गोष्ट अख्ख्या चर्चला ठाऊक होती. त्याने डेबोराचं बटण बंद केलं.

येत्या रविवारी होमकमिंग होतं. गाव सोडून गेलेली सगळी मंडळी त्या दिवशी परत येत, बिशप पुढच्या बाकावर बसत. डीकननी सरळ सांगून टाकलं: तोवर उलगडा झाला नाही तर ल्युशियसने त्या खुर्चीत बसायचं नाही, रविवारी नाही आणि नंतरही नाही.

"चोराला देवाच्या उजव्या हाताला बसवतील, डाव्या हाताला बसवतील, ते वर," डीकन म्हणाले. "माझ्या चर्चमध्ये नाही."

२

मदर ओडेसांनी तीस वर्षं विमा कंपनीत काढली होती. जळालेल्या दुकानाच्या राखेत मालकाचीच काडी शोधायची, हा त्यांचा धंदा. निवृत्तीनंतर धंदा सुटला, नजर सुटली नाही. ल्युशियसला त्यांनी पाळण्यात पाहिलं होतं, पण त्यामुळे त्याच्यावर विश्वास टाकावा असं काही त्यांना वाटलं नाही.

गुरुवारी त्यांनी त्याला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात पीच कॉब्लर, फळांचा भाजलेला गोड पदार्थ, ठेवलं आणि तो दोन घास खाईपर्यंत थांबल्या.

रविवारी शेवटच्या गाण्यापर्यंत डेबोरा ठणठणीत होती, असं त्याने सांगितलं. त्यानंतर चर्चला कुलूप लागलं ते थेट बुधवारी उघडलं. म्हणजे जे झालं ते रविवारी, उपासना संपल्यावर आणि सगळे तळघरात जेवायला बसलेले असताना. दहा-पंधरा मिनिटं वर कुणाचं लक्ष नव्हतं.

"आणि तू?"

"मी बाहेर होतो."

"बाहेर म्हणजे कुठे?"

त्याने चमचा खाली ठेवला. "गाडीत बसलो होतो, मदर. एकटाच."

तळलेलं चिकन, कोलार्डची भाजी, मक्याचा पाव सोडून जवान मुलगा गाडीत का बसेल? मदर ओडेसांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी कितीदा विचारलं, तो मान वर करेना. मग विषय बदलावा म्हणून त्यांनी विचारलं, रविवारच्या प्रवचनाची तयारी कशी चालली आहे. तेवढ्यावर मात्र तो मोकळा झाला.

"एल्डर पट्टी उतरवतायत," तो म्हणाला. "बाबांच्या वेळी काळी पाचला जायचे ना? ईस्टरपासून मला पांढरी सहा दे म्हणाले, मग पाच. गेल्या रविवारी तर चारवर आले. मी विचारलं, तर म्हणाले, देवाला सगळ्या पट्ट्या सारख्याच."

मदर ओडेसांनी ते ऐकून बाजूला ठेवलं. ल्युशियस दाराशी गेला आणि वळला.

"डीकन म्हणतात ते खरं मानता तुम्ही?"

"अजून कुणाचंच काही खरं मानलेलं नाही मी," त्या म्हणाल्या. "तुझंही नाही."

३

झेलिन्स्की यांचं दुरुस्तीचं दुकान लाग्रांज रस्त्यावर, पोलिश वस्तीत होतं. दुकानात उकडलेल्या कोबीचा आणि वितळलेल्या कथलाचा वास भरलेला. सगळीकडे ट्रान्झिस्टर आले तरी हे गृहस्थ आपले जुन्या पेट्यांची पोटं उघडून बसत. डेबोरा त्यांच्याच हातून जगली होती. आणि जुन्या व्हॉल्व्हची किंमत शहरात कुणाला कळत असेल तर ती यांना. मदर ओडेसा हसल्या नाहीत, बसल्याही नाहीत.

त्यांनी आणलेले ते किरकोळ व्हॉल्व्ह झेलिन्स्कींनी बुडाला धरून उजेडात फिरवले.

"धाकटे भाऊ आहेत," ते म्हणाले. "पायांची रचना तीच, त्याच भोकांत बसतात. जोर मात्र निम्मा. जुन्या लाकडी कपाटाएवढ्या रेडिओत जोडीने असायचे. माझ्याकडे खणभर आहेत, बाई, म्हणजे आता मला धरा."

"धरायचंच असलं तर सांगेन. मला एवढंच सांगा, निम्मा जोर, मग आवाजही निम्मा?"

झेलिन्स्की मिश्किल हसले. "इथेच सगळे फसतात. कान फार उदार असतो. जोर निम्मा केला तर त्याला जेमतेम एक पायरी उतरल्यासारखं वाटतं. ऐकायला निम्मं करायचं तर जोर दहावा हिस्सा करावा लागतो. निम्म्याने आवाज कमी होत नाही, जात बदलते."

"म्हणजे?"

"मोठा व्हॉल्व्ह म्हणजे छातीचा गवई. चढ्या सुरातही कपाळाला आठी नाही. धाकट्याला तेवढंच गायला लावलं की त्याच्या गळ्याची शीर फुगते, आवाज चरचरतो, फाटतो. काहींना तेच आवडतं. त्यात रडं असतं."

मदर ओडेसांनी शेवटचा प्रश्न राखून ठेवला होता. चोरीला गेलेले मोठे व्हॉल्व्ह दिसले तर ओळखायचे कसे?

"लाल अक्षरं आहेत काचेवर. म्हणजे, असायची. ती शाई इतकी कच्ची, की ओलं बोट लागलं तरी निघून येते. म्हणून मी काचेला हातच लावत नाही, बुडाला धरतो. थॅडियसनेही पोराला पहिला धडा तोच दिला होता." मग ते जरा गुरकावले. "आणि तुमच्या चर्चमध्ये मी वसंतात आलो होतो, तेही एल्डरच्या कामाला. डेबोराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लिहून घ्या."

मदर ओडेसांनी लिहून घेतलं नाही. त्या दुकानातून निघाल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. चोर माल उचलतो आणि पळतो. हा चोर जागा भरून गेला होता. त्याला डेबोरा मुकी नको होती.

मग कशी हवी होती?

४

शुक्रवारी डीकन स्ट्राउड माइकच्या यंत्रापाशी तारा गुंडाळत होते. रविवारीही सगळे जेवायला गेल्यावर ते इथेच तारा गुंडाळत मागे राहिले होते, हे मदर ओडेसांनी आधीच काढून ठेवलं होतं. आणि डेबोरा गायकवृंदाला गिळते ही त्यांची तक्रार तर जुनीच.

"मला तिचं तोंड बंद करायचं असतं तर तिच्यासमोर गादी उभी केली असती," डीकन शांतपणे म्हणाले. "केलीही होती एकदा. थॅडियसने ती रस्त्यावर फेकली. वॅट निम्मे करून काय होतंय? माझ्या काट्यावर तीन खुणा खाली, बास. पुढच्या बाकावरच्या म्हातारीलाही कळायचं नाही."

मदर ओडेसा पुढच्या बाकावर बसत. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

तारा गुंडाळायला किती वेळ लागला? फार नाही, असं डीकननी सांगितलं. खाली गेले तेव्हा ल्युशियसची गाडी खिडकीतून दिसत होती, आत तो मान घालून बसलेला. "अपराध्यासारखा," ते म्हणाले. आणि मग, जरा ओशाळून, "रिकाम्या हाताने आलं होतं पोरगं. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा असतो ना जेवणाला. आणायला नव्हतं काही, म्हणून खाली आला नाही. ते मला नंतर सुचलं. पण त्यानं चोरी धुऊन निघत नाही."

पीच कॉब्लरचे दोन घास त्यांना आठवले.

तिथून त्या एल्डरच्या खोलीत गेल्या. व्यासपीठामागचा दरवाजा उघडला की तीच खोली. उपासना झाल्यावर एल्डर तिथे एकटे विसावत आणि तेवढा वेळ दारावर कुणी टकटकसुद्धा करायची नाही, हा दंडक. त्यामुळे जेवणाला ते उशिरा आले की नाही हे विचारायचं कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं. मदर ओडेसांच्याही आलं नव्हतं. त्या आल्या होत्या ल्युशियसची बाजू घ्या म्हणून विनवायला. आणि खरं सांगायचं तर, कुठे लिपस्टिकचा माग दिसतो का ते बघायला.

एल्डर मध घातलेलं गरम पाणी पीत होते. बोलले ते जवळपास कुजबुजत. रविवारसाठी आवाज राखतोय, असं म्हणाले. मुलावर घाई करू नका असं मी डीकनना सांगितलंय, असंही म्हणाले, पण सांगताना त्यांची नजर कपावरच होती.

कोपऱ्यात त्यांच्या वडिलांचा कपाटाएवढा रेडिओ होता. दर शुक्रवारी या वेळेला त्याची तबकडी पिवळी उजळलेली असे आणि भजनं चालू असत. आज तबकडी काळी होती.

"आज भजनं नाहीत, एल्डर?"

"बंद केलं त्यांनी ते स्टेशन," एल्डर म्हणाले. "जुनं काय काय बंद होतंय, मदर."

मदर ओडेसा हळहळल्या. गाडीत येऊन बसल्या, किल्ली फिरवली. गाडीतला रेडिओ आपोआप सुरू झाला.

शुक्रवारची भजनं चालू होती. त्याच स्टेशनवर.

५

घरी येऊन त्यांनी तो टॉवेल काढला आणि खिडकीशी धरला. आठवडाभर त्या डागाकडे त्यांनी लाजून, चोरून पाहिलं होतं. आता नीट पाहिलं. ओठांना सरळ कडा नसते. याला होती. अर्धवट पुसलेल्या अक्षराला असते तशी.

मदर ओडेसा खुर्चीत बसल्या. त्या माणसाने त्यांच्या नवऱ्याच्या शवपेटीपुढे गायलेलं त्यांना आठवलं.

शनिवारी दुपारी त्यांनी तो टॉवेल एल्डरच्या टेबलावर ठेवला.

"हे ज्याने केलं त्याला पैसे नको होते," त्या म्हणाल्या. "पैसे हवे असणारा बदली व्हॉल्व्ह लावत बसत नाही. डेबोरा बंदही पाडायची नव्हती. फक्त हळू करायची होती. बरोबर?"

एल्डर टॉवेलकडे पाहत राहिले.

"झेलिन्स्कींना माहीत आहे, निम्म्या जोराने आवाज निम्मा होत नाही. डीकनना माहीत आहे. ल्युशियसला माहीत आहे. म्हणजे हे त्यांच्यापैकी कुणी केलं नाही. ज्याने केलं त्याला वाटलं, निम्मे म्हणजे निम्मे. त्याला काच कुठे धरायची हेही ठाऊक नव्हतं. उपासना नुकतीच संपलेली, व्हॉल्व्ह अजून गरम, बोटं भाजतील म्हणून त्याने हाताला आला तो कपडा गुंडाळला. तो घामाने ओला होता. उपासनेनंतर घामाने ओला टॉवेल या चर्चमध्ये एकाच माणसाच्या खांद्यावर असतो, एल्डर. आणि तो दर सोमवारी माझ्या घरी धुवायला येतो."

त्या उठून रेडिओपाशी गेल्या. "वसंतात झेलिन्स्की तुमच्या कामाला आले, ते याच्या. धाकटे भाऊ डेबोरातही बसतात हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं असेल. याचं पाठीमागचं फळकूट मी उघडू, की तुम्ही सांगता?"

एल्डरनी खण ओढला. रुमालात गुंडाळलेले दोन मोठे व्हॉल्व्ह टेबलावर ठेवले. काच बोडकी होती. एका कडेला लाल रंगाची पुसट रेघ तेवढी उरली होती.

"गळ्यात गाठ आहे," ते म्हणाले. "मंगळवारी कापणार आहेत. डॉक्टर म्हणतात, बोलाल, पण गाण्याचं सांगता येत नाही. पट्टी उतरवून उतरवून किती उतरवू? गेल्या रविवारी शेवटच्या ओळीला मी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. डेबोरा इतकी भरून वाजत होती, कुणाला कळलंही नाही. सगळे आमेन म्हणाले. मी काहीच गायलो नव्हतो, मदर, आणि सगळे आमेन म्हणाले." त्यांनी घोट घेतला. "एकदाच. शेवटचं एकदा माझंच ऐकू जावं एवढंच वाटलं. होमकमिंग झालं की परत बसवणार होतो."

"आणि ल्युशियस?"

एल्डरनी कप खाली ठेवला.

"गळ्याची गाठ देवाने दिली असेल," मदर ओडेसा म्हणाल्या. "बुधवारपासूनची गप्प बसण्याची गाठ तुमची तुम्ही मारलीत. त्याच्या बापाला तुम्हीच माती दिलीत."

"सांगतो मी डीकनना. आजच."

"डीकनना नाही. त्याला चोर आता सगळं चर्च म्हणतंय."

त्या टॉवेल तिथेच ठेवून बाहेर पडल्या. उद्या ते काय करतील, याची त्यांना खात्री नव्हती. राखेत हात घालून घालून त्यांना एक गोष्ट कळली होती. धरला गेलेला माणूस दुपारी एक बोलतो आणि सकाळी दुसरंच.

६

रविवारी बाक ओसंडून वाहत होते. बिशप आले होते. डाव्या हाताची खुर्ची रिकामी होती आणि ल्युशियस सगळ्यात मागे, भिंतीला टेकून उभा होता.

एल्डर उठले. टॉवेल खांद्यावर होता, तोच, डागाचा. त्यांनी प्रवचनाला बायबलमधल्या, देवळात वाचा गेलेल्या एका म्हाताऱ्या पुरोहिताची गोष्ट घेतली. सुरुवात नेहमीसारखी साध्या बोलण्याने झाली. मग ते थांबले.

"त्या म्हाताऱ्याची वाचा देवाने काढून घेतली," ते म्हणाले. "माझी वाचा होती, आणि ती मी वापरली नाही. थॅडियस बोल्डेनच्या मुलाने काही चोरलेलं नाही. चोरणारा तुमच्यापुढे उभा आहे." आणि त्यांनी टॉवेल उलगडून डाग सगळ्यांना दाखवला, गाठीबद्दल सांगितलं, रेडिओबद्दल सांगितलं. कुणी आमेन म्हटलं नाही. डीकन स्ट्राउड माइकच्या यंत्रापाशी उठून उभे राहिले आणि कुठे पाहावं ते न कळून खाली बसले.

"ये, बाळा," एल्डर म्हणाले. "तुझी जागा आहे. मोठे व्हॉल्व्ह पायरीवर ठेवलेत, बसवून घे. मी थांबतो."

ल्युशियस मधल्या वाटेने पुढे आला. ती वाट मदर ओडेसांना कधी इतकी लांब वाटली नव्हती. त्याने पायरीवरचा रुमाल पाहिला, एल्डरकडे पाहिलं, आणि रुमालाला हात न लावता खुर्चीत बसला. मदर ओडेसांनी दुकानातून परत आणलेले धाकटे भाऊ डेबोराच्या आत पुन्हा तेवत होते. झेलिन्स्की म्हणाले होते, एक रविवार तगतील.

"हेच राहू देत, एल्डर," तो म्हणाला. "पट्टी कुठली?"

एल्डरनी टॉवेलने कपाळ पुसलं. "काळी पाच."

बोलण्याने ठेका धरला. ठेक्याचं गाणं झालं. एल्डरचा आवाज वर चढू लागला तसा चरचरला, खरखरला, कडांनी फाटू लागला. आणि डेबोरानेही ओळ उचलली ती तशीच, चरचरत, फाटत, जणू दोघांच्या गळ्यात एकच गाठ. ल्युशियसने तिला हळूच ठेवलं होतं. एल्डरच्या वर ती एकदाही गेली नाही. कुठे माणूस संपतो आणि कुठे काच सुरू होते, ते कळेनासं झालं. पुढच्या बाकावरच्या बिशपांनी डोळे मिटले.

शेवटच्या ओळीला एल्डरनी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

या वेळी ते सगळ्यांना ऐकू आलं. ल्युशियस थांबला. त्याने वाट पाहिली. मग कांडी तारेवर टेकवली आणि ती ओळ, जिथे ती तुटली होती तिथूनच, हळूहळू, रडवेली, वर नेली. एल्डर माइकजवळ हात उंचावून गप्प उभे होते. आधी मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी आमेन म्हटलं, मग सगळ्या चर्चने. डीकन स्ट्राउड तर दोनदा म्हणाले.

जेवणासाठी मदर ओडेसा घरून दोन पातेली घेऊन आल्या होत्या. त्यातलं एक त्यांनी ल्युशियसच्या हातात ठेवलं. "हे तू आणलंस," त्या म्हणाल्या. "विचारलं तर कोलार्ड म्हणून सांग, आणि मीठ कमी पडलं तर तुझंच." तो पातेलं घेऊन सगळ्यांच्या आधी तळघराच्या पायऱ्या उतरला.

त्या वर परत आल्या. एल्डरचा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर ओलाचिंब लटकत होता. त्यांनी सवयीने तो उजेडात धरायला उचलला, आणि न पाहताच घडी घालून पिशवीत टाकला.